केदारखेड्याची पर्यावरणमित्र गिरणी

हे बघा, आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आल्ता आणि त्याच्या बायकोनं मला बोल लावला. माझ्या वाट्याला बोल काय कमी आलेत का या गोष्टीपायी?

तर तुमच्यासमोर बसलेला हा शहाणा माणूस, ज्याला लोकांना सल्ला द्यायचा पगार मिळतो, त्यानं एका अख्ख्या गावाच्या पिठाची वाट लावली. एका संध्याकाळात! आणि गाव कोणतं? दुसरं कोणतं असतं तर तिकडं तोंड दाखवायला गेलोच नसतो. पण गाव निघालं सासरवाडीचं.

मी जालन्यात एका संस्थेत आहे, ते तुम्हाला माहीत आहेच. लहान धंदेवाल्यांकडं जायचं, त्यांना नवीन काही सुचवायचं, मोबाईलवर आणायचं, प्लास्टिक-बिस्टिक कमी करायला लावायचं. काम चांगलं आहे हो. कामात काही खोट नाही. ते काम मी करून राह्यलो होतो, एवढाच घोळ.

मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथं एका मॅडमनी पडद्यावर एका दुकानाचा फोटो दाखवला. सगळं सामान एकसारख्या कापडी पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर तेच पान, तीच अक्षरं. मी तर बघतच राहिलो. जालन्याला आलो तो डोक्यात त्या पिशव्या घेऊनच.

पण ऐकतो कोण? बाजारात गेलो. भंगारवाला म्हणाला, "साहेब, आमी तर पहिल्यापासून पर्यावरणच करून राह्यलो." चहावाल्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साखर कमी टाकू का?"

मग मला आठवलं, जगात एक जागा अशी आहे की तिथं माझा शब्द खाली पडत नाही. सासरवाडी! आमच्याकडं जावयाला कुणी नाही म्हणत नाही, तुम्हाला काय सांगायचं. जावई भर उन्हात म्हणाला की पाऊस लागलाय, तर सासू छत्री आणून देईल. मला इतक्या वर्षांत वाटायचं, की ही माणसं माझी हुशारी ओळखून आहेत.

राजूरच्या गणपतीला हात जोडून पुढं गेलं की आमचं केदारखेडा. तिथं माझा मेहुणा भगवान पिठाची गिरणी चालवतो. सासऱ्यांनी टाकलेली, जुनी. ओट्यावर पत्रा, आत पट्ट्याचा आवाज आणि सगळीकडं पांढरं. भगवानच्या भुवयासुद्धा पांढऱ्या, लग्नात बिचाऱ्यानं दोनदा तोंड धुतलं तरी फोटोत म्हातारा दिसतो.

त्या वर्षी रोडवर नवी गिरणी झाली होती. टाइल्स लावलेली, बायकांना बसायला खुर्च्या, वर पंखा. भगवान मला एक दिवस बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, गिऱ्हाईक तिकडं चाललंय. तुमी लोकायला सांगता ना, मला बी काही सांगा. ही गिरणी बंद पडली तर मला दुसरं काहीच येत न्हाई."

खरं सांगतो, भगवान गुणी पोरगा आहे. म्हटलं, ही गिरणी वाचवायचीच. आणि तिथंच पिशव्या आठवल्या!

आता त्या गिरणीची पद्धत अशी. बाई दळण घेऊन येणार, डबा ओट्यावर रांगेत ठेवणार आणि निघून जाणार. बोलणं नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. डबा बघून भगवानला कळायचं, हे कुणाचं, त्यात काय आणि कसं दळायचं. रंगाची बादली, बिस्किटाचा पत्र्याचा डबा, तारेचे कान लावलेला तेलाचा डबा, झाकणाच्या जागी ताटली. एका डब्याला तर कुठल्या तरी लग्नातलं लुगड्याचं फडकं बांधलेलं असायचं.

मला त्यात काय दिसलं? कचरा! शुद्ध कचरा!

"भगवान," मी म्हणालो, "हे सगळं बंद. आजपासून प्रत्येक घराला एक कापडी पिशवी. जाडजूड, धुता येईल अशी. वर ज्वारीचं कणीस, खाली हिरवं पान, आणि अक्षरं, पर्यावरणमित्र गिरणी."

भगवाननं डोकं खाजवलं. "समद्यायला एकसारखीच पिशवी, दाजी?"

"मग? त्यालाच तर ब्रँड म्हणतात!"

"बराबर हाय," भगवान म्हणाला.

हे 'बराबर हाय' नीट लक्षात ठेवा. पुढं ते मला महागात पडलं. मला वाटायचं, पटलं म्हणून माणूस बराबर म्हणतो. सासरवाडीत जावयाला बराबर म्हणतात ते ताट थंड होऊ नये म्हणून.

पण मी काही अगदीच खुळा नव्हतो बरं का! पिशव्या एकसारख्या, तर ओळखायच्या कशा, हा विचार मी केला होता. प्रत्येक पिशवीवर एक स्टिकर. त्यावर तो काळा-पांढरा चौकोन. मोबाईल धरला की नाव दिसणार, धान्य दिसणार, जाड की बारीक तेही दिसणार. शिवाय बायकांचा मोबाईलवर ग्रुप. दळण झालं की मेसेज जाणार, 'आपले दळण तयार आहे, कृपया घेऊन जावे.' ऑफिसात टेबलावर पिशवी ठेवून करून बघितलं, काय सुंदर चाललं होतं! साहेबसुद्धा वा म्हणाले.

पिशव्या आल्या, वाटल्या, नारळ फुटला, फोटो निघाले. ओट्यावर पिशव्यांची रांग अशी देखणी दिसत होती की मी तो फोटो मोबाईलला लावून टाकला.

फक्त एक माणूस खूश नव्हतं. पारूकाकू. ही आमच्या सासरवाडीच्या शेजारची, गावातली जुनी बाई. घरी एक म्हैस, आणि त्या म्हशीवर काकूचा इतका जीव की म्हैस शिंकली तरी काकू हळद घेऊन पळते. काकूनं माझ्या त्या देखण्या पिशवीला एका कानाशी लाल चिंधी बांधून ठेवली.

"काकू, हे काय?"

"मला आपली वळखू यावी."

"अहो, त्यासाठीच तर स्टिकर आहे! चिंधीनं डिझाइन बिघडतं." आणि मी माझ्या या हातानं ती चिंधी सोडली. काकू काहीतरी बोलणार होती, पण मी पडलो जावई. तिनं चिंधी कनवटीला खोचली आणि गेली.

सुरुवातीचे काही आठवडे मी फोन करायचो. "काय भगवान, कसं चाललंय?" तर भगवान म्हणायचा, "लय भारी, दाजी." मी ऑफिसात छाती पुढं काढून फिरून राह्यलो होतो. मला काय माहीत, की गिरणीतल्या धुरळ्यानं स्टिकर कापडाला धरतच नव्हते, आणि हा पोरगा रोज कणकेची खळ करून ते परत चिकटवत बसत होता! मला का सांगितलं नाही, म्हणून नंतर विचारलं. तर म्हणे, "तुमाला वाईट वाटलं असतं ना, दाजी."

आणि मग आला धोंड्याचा महिना.

अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले गव्हाचे धोंडे करून घालायचे, कपडे करायचे, हे काय तुम्हाला नवीन नाही. पण सगळे जावई नोकरीवाले. रजा कुणाला आहे? त्यामुळं गावातल्या झाडून सगळ्या घरांनी रविवार धरला. म्हणजे शनिवारी गिरणीवर काय झालं असेल, करा विचार.

मी शनिवारी दुपारीच पोचलो. बायको आधीच माहेरी गेल्ती. गिरणीवर गेलो तर ओटा पिशव्यांनी भरलेला, आतमध्ये भरलेला, दारात भरलेला. भगवान घामानं आणि पिठानं लिंपून निघालेला. मी खाली बघितलं, तर पायाखाली काय? स्टिकर! फरशीभर स्टिकर. पिशव्यांवर एक नाही.

"दाजी, आज खळ करायला टाइमच भेटला न्हाई," भगवान ओरडून म्हणाला. गिरणीच्या घरघरीत ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. "तुमी घरी जाऊन चहा घ्या. मी रांगेनं लावलंय, मला ध्यानात हाय कोनती कोनाची!"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी शहाण्या माणसानं काय करायचं? चहा प्यायचा!

मी म्हणालो, "तू दळ. वाटपाचं मी बघतो." आणि कामाला शिस्त यावी म्हणून मी आधी काय केलं, तर त्या रांगा मोडून सगळ्या पिशव्या एकावर एक नीट रचून ठेवल्या. मग मोबाईल काढला आणि ग्रुपवर एकदम सगळ्यांना टाकलं, 'आपले दळण तयार आहे, कृपया घेऊन जावे.'

सगळ्यांना! एकदम!

आल्या की हो. एरवी एकेक, दोन-दोन येणाऱ्या बायका एका वेळी ओट्यावर. "माझं गव्हाचं!" "माझी बाजरी, बाजरी!" "भाऊ, माझी थालीपिठाची भाजणी, जल्दी द्या, पोरगं एकलंच हाय घरी!" मी पिशवीचं तोंड उघडायचो, आत डोकावायचो. पांढरं दिसलं की गहू. काळपट दिसलं की बाजरी. बाकी वास घेऊन. ज्वारीचं पीठ पण पांढरंच असतं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं. पण त्या गर्दीत कुठलं आठवतंय!

आणि एकही बाई मला म्हणाली नाही, की भाऊ, हे माझं वाटत नाही. गावाचा जावई स्वतःच्या हातानं पीठ देऊन राह्यला, त्याला कोण उलट बोलणार? "बराबर हाय" म्हणून घेऊन गेल्या सगळ्या.

शेवटी आमच्या घरचीच पिशवी घ्यायची राहिली. राहिल्यापैकी एक जड होती, ती मी उघडली. हात घातला तर रवाळ, खरबरीत, पिवळसर, मधेमधे काळे ठिपके. आणि मला इतका आनंद झाला! प्रशिक्षणात सांगितलं होतं, की शहरात लोक असं कोंड्यासकटचं जाडं पीठ शोधत फिरतात. म्हटलं, भगवाननं खास जावयासाठी दळलेलं दिसतंय. पिशवी खांद्यावर मारली आणि वाजतगाजत घरी आलो.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. "मामी, बघा! काय आरोग्याचं पीठ आहे! उद्याचे धोंडे याचेच."

मामींनी पिठात हात घातला. चिमूट उचलून उजेडात धरली. मग माझ्याकडं बघितलं. परत पिठाकडं बघितलं.

"ह्याचेच करू, जावईबापू?"

"ह्याचेच!"

"बराबर हाय," मामी म्हणाल्या.

रविवारी काय थाट! पाट, रांगोळी, ओवाळणं, नवा शर्ट. पंगतीत मी मधे, एका बाजूला सासरे, एका बाजूला भगवान. मामींनी ताटात धोंडा वाढला तो टण्ण वाजला. वरून तुपाची धार सोडली, तरी तो काही नरम होईना. मी एक घास तोडला, चावला, चावत राहिलो.

"मामी!" मी म्हणालो. "यालाच म्हणतात मल्टिग्रेन!"

सासरे धोंड्यातलं पुरण तेवढं खात होते. भगवाननं एक घास घेतला आणि तो एकदम थांबला. त्यानं वर पत्र्याकडं बघितलं, मग मामींकडं बघितलं. मामींनी डोळ्यानंच त्याला गप्प केलं. मी? मी आणखी मागून घेतला! जावयानं मागून खाल्लं म्हणून मामींच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, मायेनं.

तेवढ्यात भगवानचा मोबाईल वाजायला लागला. ग्रुपवर बायका बोलून पाठवत होत्या, आणि भगवानच्या मोबाईलचा आवाज म्हणजे काय विचारता, गिरणीत ऐकू यावा म्हणून ठेवलेला.

"ओ भगवानभाऊ, माझे धोंडे पान्यात इरघळून गेले हो! ज्वारीचं हाय का काय हे?"

"भाऊ, माझ्या पुरनाला धन्या-जिऱ्याचा वास येऊन राह्यला! जावई इचारते, थालीपीठ हाय का म्हनून!"

"माझी भाकर थापाया घेतली तर चपातीवानी ताणून राह्यली!"

भगवानचा घास हातातच राहिला. त्याचा चेहरा पिठाशिवायच पांढरा पडला. "दाजी," तो एवढंच म्हणाला, "आता समद्या रोडवर जातील."

उठलो. हात धुतला न धुतला, पळालो गिरणीकडं. तिथं अख्ख्या गावच्या बायका, प्रत्येकीच्या हातात तीच पिशवी, तेच कणीस, तेच हिरवं पान! मागं नव्या कपड्यातले उपाशी जावई उभे. भगवान दारात मान खाली घालून उभा, आणि बायका त्याला बोलून राह्यल्या.

मला नाही बघवलं. मी ओट्यावर चढलो. "बायांनो, याची काही चूक नाही! पिशव्या माझ्या, स्टिकर माझे, रांग मी मोडली, पीठ मी वाटलं. बोलायचं ते मला बोला!"

आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्यांदा केदारखेड्यात मला कुणी 'बराबर हाय' म्हणालं नाही. अशा बोलल्या, अशा बोलल्या! इतक्या वर्षांचं साठलेलं होतं बहुतेक. एकीनं तर माझ्या लग्नात माझे मित्र कसे वागले ते काढलं. माझी बायको सुनीता गर्दीत उभी होती, तिनंही दोन वाक्यं घालून घेतली.

बोलता बोलता कुणाला तरी हसू फुटलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. ओट्यावर पिशव्या उघडल्या आणि बायकांनी बोटांनी पीठ चोळून ज्याचं त्याला द्यायला सुरुवात केली. "हे तुझं, ह्यो माझा गहू, ही आक्काची भाजणी." भाजणीच्या धोंड्यांचा तो जावई मागून म्हणाला, "आमचं राहू द्या, चांगलं लागून राह्यलं." परत हसू.

पारूकाकू ओट्याच्या कडेला बसून भगवानला म्हणाली, "त्वांड वर कर रे. त्या रोडवरच्या गिरणीत असं झालं असतं तर त्यानं कवाच शटर वढलं असतं. हितं निदान जावई हुभा राहून बोलणी खातो. आमी कुठं जात न्हाई. पर उद्यापासून आमचे डबेच आनू." सगळ्या बायकांनी माना हलवल्या. भगवाननं माझ्याकडं न बघता माझा हात धरला. मला भरून आलं हो, खरंच.

आणि डबे परत आले. रंगाची बादली आली, तारेच्या कानाचा आला, लुगड्याच्या फडक्याचा आला. कित्येक वर्षं तोच डबा वापरणाऱ्या बायकांना मी नव्या पिशव्या शिवून पर्यावरण शिकवत होतो! ते जाऊ द्या.

किस्सा इथं संपला असता तर मी आनंदानं संपवला असता. पण वाटप झाल्यावर एक पिशवी उरली. पारूकाकूच्या हातातली. तिनं ती मामींच्या पुढ्यात ठेवली.

"ह्यो तुमचा गहू दिसतो, वैनी. चाळून घेतलेला, मऊ. काल सांजच्याला म्हशीच्या पुढं कालवून ठेवला, तर तिनं तोंड बी लावलं न्हाई. वास घेतला अन् मान फिरवून बसली. कालधरनं उपाशी हाय बिचारी." मग काकूनं सगळीकडं बघितलं. "मंग माझ्या म्हशीचा भरडा कोनाकडं गेला? मका अन् तुरीची चुरी होती त्यात."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भगवान जमिनीकडं बघायला लागला. मामींनी पदर तोंडाला लावला.

माझ्या दाढेत सकाळपासून... म्हणजे जेवल्यापासून काहीतरी अडकलं होतं. मी जिभेनं ते हळूच काढलं. तुरीचं टरफल होतं.

"मल्टिग्रेन," सुनीता मागून म्हणाली.

पारूकाकूनं माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, नव्या शर्टासकट. मी म्हटलं, आता शिव्या. पण काकू चिडली नाही. कनवटीची लाल चिंधी काढून तिनं माझ्या मनगटाला बांधली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "वळखू यायला बरी." आणि घरी गेली.

सुटलो, असं वाटलं मला. संध्याकाळी जालन्याला निघालो. कपड्यांची पिशवी गाडीला अडकवली, मामींच्या पाया पडलो, गाडीला किक मारणार, तर फाटकात पारूकाकू उभी. हातात रिकामी चरवी.

"काय झालं काकू?"

"म्हशीनं दूध द्यायचं सोडलं आज," काकू म्हणाली आणि चरवी माझ्यापुढं धरली. "भरडा तुमी खाल्ला ना, जावईबापू? मंग बसा खाली."